जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल भंगारात देण्याआधी

प्रश्न : आमच्या बंद जिनिंग मिलमध्ये १९७४ सालचा ट्रान्सफॉर्मर आहे. भंगारवाला तो तेलासकट न्यायला तयार आहे. गावातले काहीजण गुडघ्यांना चोळायला तेल मागतात. त्यात पीसीबी असेल, असं वायरमन म्हणतो. कसं ओळखायचं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तपासणी होईपर्यंत कुणालाही देऊ नका, चोळायला तर थेंबभरही नाही. पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये भरलं जाणारं क्लोरीनयुक्त रसायन. ते कातडीतून आत जातं, चरबीत साठतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. आईच्या दुधातून बाळालाही मिळतं. त्याने कर्करोग होतो. १९६८ मध्ये जपानमध्ये गळक्या नळीतून ते खाद्यतेलात मिसळलं आणि हजारो माणसं आजारी पडली.

आधी नेमप्लेट पाहा. अ‍ॅस्करेल, अ‍ॅरोक्लोर, क्लोफेन किंवा पायरॅनॉल लिहिलं असेल, तर आत पीसीबीच भरलेलं होतं. खनिज तेल लिहिलं असलं तरी निर्धास्त होऊ नका. तेल गाळायचं मशीन या ट्रान्सफॉर्मरवरून त्या ट्रान्सफॉर्मरवर फिरतं आणि आधीचं पीसीबी पुढच्यात सोडतं. पाण्यात थेंब टाकून पाहतात. अ‍ॅस्करेल बुडतं, खनिज तेल तरंगतं. पण थोडं पीसीबी मिसळलेलं तेलही तरंगतंच, म्हणून तरंगलं यावर विसंबू नये.

नमुना परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. पुरवठा तोडून, दोन्ही बाजूंना अर्थिंग करून, हातात नायट्राइलचे मोजे घालून, खाली ट्रे ठेवून. ड्रेन व्हॉल्व्हमधून आधी येणारं गाळमिश्रित तेल वेगळ्या डब्यात घ्या, मग काचेच्या बाटलीत १०० मिलि. प्रयोगशाळेला गॅस क्रोमॅटोग्राफीनेच पीसीबी मोजायला सांगा. क्लोरीन दाखवणारं स्वस्त किट निगेटिव्ह आलं तर काम भागतं. पॉझिटिव्ह आलं तर मात्र क्लोरीन दुसऱ्या कशातलंही असू शकतं. किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला, की ते पीसीबीचं उपकरण.

नुसतं तेल बदलून भागत नाही. वाइंडिंगच्या कागदात आणि लाकडात मुरलेलं पीसीबी काही महिन्यांत नव्या तेलात उतरतं. सर्वांत मोठा धोका भंगारात आहे. तांब्यासाठी कॉइल उघड्यावर जाळली, की डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, तेही पीसीबीपेक्षा कितीतरी जहाल. पीसीबी नीट नष्ट करायला ११०० अंश सेल्सिअसच्या वरची बंदिस्त भट्टी लागते.

तोवर ट्रान्सफॉर्मर छपराखाली ठेवा, खाली सगळं तेल मावेल एवढा लोखंडी ट्रे हवा. गळती लाकडाच्या भुशाने टिपा. तो भुसाही घातक कचराच, झाकणाच्या पिंपात भरा. आकडा वर आला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. केंद्राच्या २०१६ च्या आदेशाने अशी उपकरणं वापरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती.