आडनावांची मोजदाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं आडनाव डोळे. एका संकेतस्थळावर शोधलं तर या आडनावाची माणसं अमेरिकेतही दिसली. आमच्या नात्यातलं तिकडे कोणीच नाही. मग खरा आकडा कसा काढायचा? (नाशिक)

उत्तर : तो आकडा बाजूला ठेवा. ही संकेतस्थळं रोमन स्पेलिंग मोजतात. ‘डोळे’ रोमनमध्ये (Dole) लिहिलं की अमेरिकी सिनेटर बॉब डोल यांच्या आडनावाशी अक्षरन् अक्षर जुळतं. गोरे आणि अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचं तेच, महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि आयर्लंडमधल्या केन घराण्यांचंही तेच. काळे आणि काले यांत तर फरकच उरत नाही. त्यामुळे मोजणी देवनागरीतच करायला हवी.

जनगणनेत आडनावनिहाय आकडे जाहीर होत नाहीत. हाताशी राहते ती मतदार यादी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून मतदारसंघ आणि यादी भाग निवडून मराठी पीडीएफ उतरवून घ्या. एका भागात साधारण हजारभर मतदार असतात. पानं बहुधा चित्ररूपात असतात, शोध चालत नाही. ओळ न् ओळ वाचावी लागते.

दहा भाग घ्या, पण वेगवेगळ्या तालुक्यांतले. भावकी एकाच गावात एकवटलेली असते. तो भाग हाती लागला तर आकडा फुगतो, हुकला तर शून्य येतो. शिवाय माणसं मोजू नका, घरं मोजा. घर क्रमांक कोरा असेल तर वडिलांच्या किंवा पतीच्या नावावरून कुटुंब जुळवा. समजा २,५०० घरांत तुमच्या आडनावाची ४ घरं मिळाली. याचा अर्थ दर दहा हजार घरांमागे १६ असा ठाम धरू नका; इतक्या छोट्या नमुन्यात खरा आकडा ४ ते ४० यांत कुठेही असू शकतो. एकही घर मिळालं नाही तरी एवढंच म्हणता येतं की, तो बहुधा १२ च्या आत आहे.

प्रश्न : आजोबांच्या काळी आमच्या आडनावाची बरीच घरं होती, आता मोजकीच उरली. आडनाव नामशेष होईल का? (सातारा)

उत्तर : आधी ते खरंच घटलं का, ते पाहा. मतदार यादीत वय असतं. त्याच दहा भागांत ६० ते ६९ वयाच्या पुरुषांत तुमच्या आडनावाचा वाटा किती आणि २० ते २९ वयाच्यांत किती, याची तुलना करा. नुसती संख्या नको, वाटाच हवा, कारण दोन्ही वयोगटांची एकूण संख्या सारखी नसते. बायकांची नावं इथे वगळा. त्यांतली बरीच आडनावं लग्नाने आलेली असतात. गावातली तरणी पोरं पुण्या-मुंबईच्या यादीत गेली असतील तर गावची यादी आडनाव घटल्याचा आभास निर्माण करते. म्हणून शहरांतले भागही घ्या.

आता नामशेष होण्याचं. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी हाच प्रश्न १८७३ मध्ये मांडला आणि गणिती हेन्री वॉटसन यांच्यासह १८७४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. दर पुरुषामागे सरासरी एक मुलगा धरा, कोणाला तीन, कोणाला एकही नाही अशी नेहमीची विषमता धरा आणि आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं असं माना. एकाच घरापासून सुरू झालेलं आडनाव पाच पिढ्यांत संपण्याची शक्यता ७३ टक्के येते. दहा घरांपासून सुरुवात असेल तर तीच शक्यता जेमतेम ४ टक्के! म्हणून एकाच मूळपुरुषाची आडनावं कुणाचाही दोष नसताना विरळ होतात.

पण मराठी आडनावं केवळ वंशाने वाढत-घटत नाहीत, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही वतनाची नावं. गावोगावच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या घराण्यांनी ती लावली, म्हणून ती संपत नाहीत. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं गेली, आडनाव राहिलं. भावकीतली एक शाखा मूळ आडनाव सोडून ‘पाटील’ लावू लागली की मूळ आडनाव घटतं, माणसं तेवढीच राहतात. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही रायगडातल्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) लोकांची आडनावं घ्या. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. कोकणातली घरं घटली, वंश तिकडे चालू आहे.

तुमच्या घराण्याचं यातलं नेमकं काय झालं, ते यादीतून कळणार नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की पूर्वजांच्या नोंदी निघू शकतात. महसुली दप्तरातलं गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी पाहा. जुनी पानं मोडीत असतील, वाचणारा सोबत न्या. छापील कुलवृत्तांत असेल तर जपून वापरा : माहिती पाठवली त्याच शाखा त्यात येतात, बाकीच्या संपल्या असं त्यावरून समजू नये.

प्रश्न : मुलांच्या नावात आता आईचं नावही येतं. त्याने आडनावांची गणती बदलेल का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. त्यात येतं ते आईचं पहिलं नाव. मात्र लग्नानंतर माहेरचं आडनाव कायम ठेवणाऱ्या स्त्रिया मतदार यादीत सासरच्या घर क्रमांकावर दिसतात. घरं मोजताना त्यांच्या नावाने वेगळं घर धरू नका, पतीच्या नावावरून जुळवून घ्या.