मसुद्यात आमची गल्ली पिवळी झाली, आता शेडचं काय?

प्रश्न : बेळगावातल्या जुन्या औद्योगिक वस्तीत माझं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग. शेजारी फौंड्री, मागे घरं. नव्या मास्टर प्लॅनच्या मसुद्यात आमची गल्ली रहिवासी म्हणून पिवळी दाखवली आहे आणि शेडच्या कोपऱ्यावरून रस्ता नेला आहे. शेड पाडतील का? हरकत मराठीत चालेल का?

उत्तर : नकाशावर रेघ आली म्हणून शेड जात नाही. जागा घ्यायची तर संमतीने किंवा भूसंपादन करून, मोबदला देऊनच घ्यावी लागते. अंतिम प्लॅन राजपत्रात आल्यापासून ५ वर्षांत यातलं काही सुरू झालं नाही, तर ते आरक्षण कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम ६९ प्रमाणे रद्द समजलं जातं. तोवर ‘जागा सोडतो’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.

मला जास्त काळजी पिवळ्या रंगाची वाटते. उद्या शेड वाढवायची किंवा पत्रे काढून स्लॅब टाकायचा म्हटलं की परवानगी तिथेच अडेल. शिवाय औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल आवाज चालतो, रहिवासी भागात ५५. लेथ तेच, आवाज तोच, पण भाग रहिवासी ठरला की तक्रारीला जोर येतो.

म्हणून हरकत द्याच. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवस मिळतात. तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे. बरेच लोक इथेच चुकतात. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) कार्यालयात जाऊन नकाशावर आपल्या जागेचा सीटीएस (सिटी सर्व्हे) किंवा आरएस (रिव्हिजन सर्व्हे) नंबर स्वतः शोधा आणि त्या भागाची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. तो अर्ज मात्र कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीतच लागतो. त्याचं उत्तर यायला ३० दिवस जाऊ शकतात, तेव्हा हरकत त्यासाठी अडवून ठेवू नका.

हरकत मराठीत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. तरी सोबत कन्नड प्रत जोडाच, म्हणजे फाईल भाषांतरासाठी पडून राहणार नाही.

‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलेल्या अर्जातून काही निघत नाही. सीटीएस नंबर, शेडची मापं, कामगार किती, वापर कधीपासून, हे लिहा. पुराव्याला उतारा, ट्रेड लायसन्स आणि हेस्कॉम या वीज कंपनीचं सापडेल तितकं जुनं औद्योगिक बिल जोडा. मग नेमका बदल मागा: गल्ली औद्योगिकच ठेवा, रस्ता इतके मीटर सरकवा, घरांच्या बाजूला झाडांचा पट्टा सोडा.

त्याआधी मागच्या घरांतल्या लोकांसोबत बसा. धूळ आणि रात्रीचा आवाज ते सोसतात. रात्री दहानंतर ग्राइंडिंग बंद, ट्रकची ये-जा पुढच्या रस्त्यानेच, एवढं लेखी ठरलं आणि त्यांच्याही सह्या आल्या, तर हरकतीचं वजन फार वाढतं. हे मी आग्रहाने सांगतो. कारखानदार एकीकडे आणि रहिवासी दुसरीकडे दिसले, तर पिवळा रंग पुसणं अवघड.

सगळ्यांचा एक सामायिक अर्ज द्या, शिवाय प्रत्येक शेडमालकाचा स्वतंत्र. नाहीतर सगळ्या गल्लीची एकच हरकत नोंदली जाईल. प्रत्येक प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढे उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जायची वेळ आली, तर पहिल्यांदा हीच पोच मागितली जाईल.