दोन मजली घराच्या साइटवर सेफ्टी तपासणीत नेमकं काय बघतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन मजली घराचं काम सुरू आहे, साइटवर दहा-बारा माणसं आहेत आणि पुढच्या आठवड्यात सेफ्टीची तपासणी आहे. हेल्मेट आणि बेल्ट आणून ठेवलेत, रजिस्टर लिहायला घेतलंय. एवढ्याशा उंचीला आणखी काय लागतं, आणि त्या दिवशी काम बंद ठेवलेलं बरं का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशा तपासण्या करतो. साइटवर ज्या वाटेने फिरतो, त्याच वाटेने सांगतो.

आधी त्या ‘एवढ्याशा’ उंचीबद्दल. एका मजल्यावरून, म्हणजे साधारण ३ मीटरवरून, माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास खाली येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. २ मीटरवरूनसुद्धा तो २२ च्या वर जातो. तेवढ्या वेळात सावरणं, काही पकडणं वगैरे होत नाही. खाली सळया उभ्या असतील किंवा डोकं आधी टेकलं, तर मजले मोजण्यात अर्थ नाही. म्हणूनच अमेरिकेत बांधकामावर ६ फुटांपासून, म्हणजे जेमतेम १.८ मीटरपासून, पडण्यापासून संरक्षण सक्तीचं आहे. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत तर किमान उंचीचा आकडाच नाही. पडून इजा होईल अशी कुठलीही जागा त्यात येते.

लहान साइटची खरी अडचण कामाच्या वेळेत आहे. मोठ्या इमारतीवर एक टोळी महिनाभर एकाच परांचीवर असते, तिथे कोणी ना कोणी नीट परांची बांधतं. तुमच्याकडे छज्ज्याचा एक कोपरा, खिडकीवरचं थोडं प्लास्टर, टाकीचा एक पाइप अशी दहा-दहा मिनिटांची कामं असतात. दहा मिनिटांसाठी परांची कोण बांधणार? मग घोडीवर फळी टाकतात, फळीवर घमेलं, घमेल्याशेजारी माणूस. माझ्या नोंदींत सगळ्यात जास्त शेरे अशाच कामांवर असतात.

त्यामुळे साइटवर आल्यावर मी रजिस्टर मागत नाही. मुकादमाला विचारतो, आज दुपारी कोण कुठे काम करणार आहे? आणि तो माणूस ज्या वाटेने तिथे पोचणार त्याच वाटेने मीही जातो. ही सवय तुम्ही उद्यापासूनच लावा. तपासणीची अर्धी तयारी त्यातच होते.

वाटेत पहिली भेटते ती शिडी. ती टेकलेल्या टोकाच्या उंचीच्या पाव अंतराने भिंतीपासून पुढे हवी. ४ मीटर वर टेकत असेल तर पाय १ मीटर पुढे. वर जिथे उतरायचं तिथून ती निदान ९० सेंटिमीटर वर निघालेली हवी, कारण शिडीवरून स्लॅबवर पाऊल टाकताना हाताला धरायला काहीतरी लागतं. आणि वरचं टोक बांधलेलं हवं. खाली एक बिगारी शिडी धरून उभा आहे, हे मी बांधलेलं धरत नाही. फोन वाजला की तो हात सोडतो. एका हातात घमेलं घेऊन चढणारा दिसला तर मी त्याला काही बोलत नाही. माल वर न्यायला कप्पी का नाही, हे मुकादमाला विचारतो.

वर पोचलो की मी कडेला जात नाही, आधी पायाखाली बघतो. डक्ट, म्हणजे स्लॅबमधून आरपार सोडलेली उभी पोकळी, जिन्याची मोकळी जागा, पाइपांसाठी ठेवलेली भोकं. इथे एक प्रकार इतक्यांदा घडतो की तो नीट सांगायला हवा. डक्टवर प्लायवुड टाकलेलं असतं, नुसतं टाकलेलं. दोन दिवसांनी कुणाला तरी प्लायवुड हवं असतं. तो वाकतो, दोन्ही हातांनी प्लाय उचलतो आणि समोर आडवा धरून एक पाऊल पुढे टाकतो. प्लायमुळे त्याला पुढचं दिसत नाही, आणि ज्या भोकावरचं झाकण त्याने उचललं त्याच भोकात त्याचा पाय जातो. झाकण पुरेसं जाड होतं, मापाचं होतं, तरी उपयोग शून्य. म्हणून झाकण खिळ्यांनी किंवा अँकरने पक्कं ठोकलेलं हवं, त्यावर ठळक रंगात ‘खाली भोक आहे, उचलू नका’ असं लिहिलेलं हवं, आणि त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या नि मालाच्या वजनाच्या दुप्पट भार त्याने पेलायला हवा. शब्द वाचता न येणारी माणसं असतील तर लाल फुली मारा. मोठ्या डक्टला शक्य असेल तर स्लॅब भरतानाच सळयांची जाळी तशीच आरपार सोडा, पाइप टाकायच्या वेळी कापता येते. यासारखा स्वस्त आणि कायमचा उपाय मला तरी दुसरा ठाऊक नाही.

मग कडा. कठडा म्हणजे वरची आडवी पट्टी साधारण १ मीटर ते १.१ मीटर उंचीवर, मध्ये एक पट्टी आणि खाली ९-१० सेंटिमीटरची पायपट्टी, म्हणजे हातोडी किंवा विटेचा तुकडा खालच्या माणसावर घरंगळणार नाही. वरच्या पट्टीने ९० किलोच्या आसपास रेटा सहन करावा अशी अपेक्षा असते. तीन ठिकाणी गाठी मारलेली सुतळी किंवा पिवळी-काळी टेप हा कठडा नव्हे. ती फक्त सांगते की इथे कडा आहे, आणि अडखळलेल्या माणसाला ते आधीच कळलेलं असतं.

हिरव्या जाळीचंही तेच. बाहेरून साइट झाकलेली, नीटनेटकी दिसते, म्हणून मालक लोक ती दाखवतात. ती धूळ आणि खडे अडवायला असते, माणूस अडवायला नाही. माणूस झेलणारी जाळी वेगळी, तिचं बांधणंही वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली १९३० च्या दशकात अशी जाळी लावली होती आणि तिने १९ जणांचे जीव वाचवले. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला माणसांसकट एक अख्खी परांची त्या जाळीवर कोसळली, जाळी फाटली आणि १० जण गेले. तेव्हा तुमच्याकडे जी जाळी आहे ती कशासाठी बनवली आहे, एवढं विक्रेत्याला विचारून घ्या.

पण कठड्यांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो एका जागेवर: माल वर येतो ती जागा. सकाळी सगळ्या बाजूंना कठडा असतो. दहा वाजता विटा वर घ्यायच्या म्हणून एका बाजूची पट्टी काढतात. ती काढणारा बिगारी चहाला जातो, विटा घेणारा दुसराच असतो, आणि दुपारनंतर तिथे प्लास्टरवाला येतो, ज्याला तिथे कधी पट्टी होती हेच माहीत नसतं. पट्टी भिंतीला टेकून उभी असते, खिळ्यांसकट. म्हणून माझा ठरलेला प्रश्न: ही पट्टी काढली कोणी, आणि परत लावणार कोण? दोन्हींचं उत्तर एकाच नावाचं आलं तर मला पुढचं फारसं विचारावं लागत नाही. ‘लावतील की पोरं’ असं आलं, तर मी बाकीच्या कडाही एक-एक करून हलवून बघतो. माल घ्यायची एकच जागा ठरवा, तिथे बिजागरीचं फाटक बसवा, आणि फाटक उघडं असताना तिथे उभा राहणारा माणूस मागे बांधलेला असेल असं बघा.

मागे बांधलेला म्हणजे कसा, ते बेल्टच्या बाबतीत येतं आणि तुम्ही बेल्ट आणलेतच. कमरेचे असतील तर पडणाऱ्याला झेलण्यासाठी ते वापरू नका. झटका थेट पोटावर आणि मणक्यावर बसतो. अमेरिकेत या कामासाठी त्यांचा वापर १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. खांदे आणि मांड्या दोन्हींना पट्टे असलेला पूर्ण हार्नेस हवा.

तो असला तरी हिशेब करा. नेहमीची दोरी १.८ मीटर. दोरीतली झटका सोसणारी शिवण उसवत जाऊन साधारण १.१ मीटर आणखी. पाठीवरच्या कडीपासून पायांपर्यंत १.५ मीटर. शिवाय थोडी मोकळीक म्हणून ९० सेंटिमीटर. बेरीज ५.३ मीटर, आणि ही हूक अडकवलेल्या जागेपासून खाली मोजायची. तुमच्या पहिल्या स्लॅबच्या कडेला, खांद्याच्या उंचीवर हूक अडकवला, तर माणूस लटकण्याआधी जमिनीला लागू शकतो. हूक पायाशी अडकवला तर त्याहून वाईट. म्हणजे दोन मजली घरावर ‘बेल्ट घातलाय ना’ हे वाक्य बऱ्याचदा नुसतं समाधान असतं. इथे हार्नेसचा शहाणपणाचा उपयोग वेगळा: दोरी इतकी आखूड ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोचूच शकत नाही. खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखं, म्हणाना. पडलाच नाही तर झेलायचा प्रश्न येत नाही.

आणि हूक कशाला अडकवता? झेलण्यासाठी असेल तर दर माणसामागे सुमारे २२ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून जास्त ओढ सोसणारी जागा लागते. कठड्याचा पाइप, खिडकीची चौकट, परांचीची आडवी बल्ली यांतलं काही तिथे चालत नाही. पक्क्या झालेल्या कॉलमला गुंडाळलेला पट्टा बहुतेक वेळा चालतो, पण तुमच्या इंजिनिअरला दाखवून घ्या. शिवाय कोणी लटकलाच तर त्याला काही मिनिटांत खाली कसा आणणार, ते आधी ठरलेलं असावं. हार्नेसमध्ये निश्चल लटकून राहणं जिवावर बेतू शकतं, आणि अग्निशमन दलाला फोन करणं एवढीच योजना पुरेशी नाही.

परांचीवर थोडक्यात. पाय मातीवर किंवा विटेच्या तुकड्यावर नकोत, खाली बेस प्लेट आणि फळी हवी. ठरावीक अंतरावर ती इमारतीला बांधलेली हवी. मोकळी उभी असेल तर तळाच्या अरुंद बाजूच्या चौपटीहून उंच नको. फळ्या टोकाला आधाराच्या पुढे १५ ते ३० सेंटिमीटर, बांधलेल्या. त्याहून पुढे आलेली फळी टोकावर पाय पडताच उलटते. चाकांची परांची सरकवताना वर कोणी बसलेलं नको, हे सांगावं लागू नये, पण लागतं. मोठा पाऊस किंवा वारा होऊन गेला की काम सुरू करण्याआधी पुन्हा बघायची. तसं काही झालं नाही तरी ब्रिटनमध्ये दर सात दिवसांनी आणि अमेरिकेत दर पाळीच्या आधी बघावी लागते. मला पाळीच्या आधीची पद्धत जास्त पटते, कारण लहान साइटवर परांची रोज हलते.

आता तुमचं रजिस्टर. महिनाभर एकाच शाईत, एकाच हातात, सगळीकडे ‘ठीक’ असं रजिस्टर दिसलं की आम्ही काय समजतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा चार ओळींचं, पण ‘मागच्या बाजूची शिडी बांधलेली नव्हती, बांधून घेतली’ असं तारीख आणि नावासह लिहिलेलं रजिस्टर मला कितीतरी खरं वाटतं. दोष लिहिल्याने तुमच्यावर बालंट येईल ही भीती सोडा. दोष दिसला आणि तो कोणी दुरुस्त केला, हे दोन्ही लिहिलेलं असलं की तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं. मागच्या तारखा घालून मात्र काही लिहू नका.

तपासणीत मजुरांशीही बोलतात, तुम्हाला बाजूला ठेवून. त्यांना उत्तरं पढवू नका. प्रश्न साधे असतात: इथे काम करायला भीती वाटली तर काय करता, कोणाला सांगता? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकामविषयक करारात, क्रमांक १६७, मजुराला समोर गंभीर धोका दिसला तर तिथून बाजूला होण्याचा हक्क दिलाय आणि लगेच मुकादमाला कळवायची जबाबदारीही. तुमच्या माणसाने ‘मी उतरतो’ म्हटलं तर त्याची रोजी कापली जात नाही, हे त्याला आजच सांगा. तपासणीच्या दिवशी सांगितलेलं त्याच्या तोंडावर लगेच कळतं.

शेवटचा प्रश्न, काम बंद ठेवू का? ठेवू नका. बंद साइटवर मला कडा दिसतात, पण त्यांच्याजवळ माणसं कशी वागतात ते दिसत नाही, आणि मग मी पुन्हा, न कळवता येतो. नेहमीचं काम चालू ठेवा. फक्त ज्या कामाला तुमच्याकडे अजून नीट परांची नाही ते त्या दिवशी नव्हे, आजपासूनच थांबवा आणि का थांबवलंय ते रजिस्टरमध्ये लिहा.