पुठ्ठ्याचं चिलखत नाटकात धातूचं वाटावं, यासाठी काय करावं?

रंगाचं नंतर. आधी पुठ्ठा नीट वळवा. खोक्याच्या पुठ्ठ्यात नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. घडी त्यांना समांतर ठेवा, आडवी घातलीत तर वेडीवाकडी मोडते. गोलाई हवी तर पुठ्ठा टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढा.

कापलेल्या कडांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा (फेविकॉलसारख्या गोंदात थोडं पाणी घालून). हे कंटाळवाणं आहे, पण उघडी कड दिसली की सोंग उघडं पडलंच! रात्रभर वाळू द्या. ग्लू गनमधून (वितळलेला गरम गोंद सोडणारं अवजार) वर थेंब टाका, म्हणजे चिलखतावर ठोकलेल्या खिळ्यांसारखे आयते उंचवटे दिसतील.

आता सगळं काळं रंगवा. वाळल्यावर ब्रशला जेमतेम चंदेरी रंग लावून, तो कागदावर पुसून, फक्त उंचवट्यांवरून फिरवा. खाचा काळ्याच राहू द्या. चमकी मात्र नकोच, बुवा.