साहेबाचा स्वभाव आणि कंपनीचा सीएसआर: यात करिअर आहे का?

पत्र: मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपनीच्या प्रमुखाच्या स्वभावाचा सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, काय परिणाम होतो, यावर पुढे संशोधन करायचं म्हणते. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आधीचे साहेब रोज सकाळी ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर) फेरी मारायचे. नवे आल्यापासून तिथलं बंद पडलेलं मीटरही कुणी बदललं नाही. हे सगळ्यांना दिसतंच, त्यात अभ्यास कसला? आणि नोकरी कोण देणार?
– एक पालक, सिडको, नाशिक

नमस्कार,

कायदा तोच, प्लांट तोच, बदलला फक्त साहेब. म्हणजे मुलीचा विषय तुम्हीच दोन ओळींत मांडलात! वरच्या माणसांचा अनुभव आणि मूल्यं कंपनीच्या निर्णयांत उतरतात, हे हॅम्ब्रिक आणि मेसन या अभ्यासकांनी 1984 मध्येच मांडलं. 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात तर मुलगी असलेल्या सीईओंच्या कंपन्यांना सामाजिक जबाबदारीत सुमारे 9 टक्के जास्त गुण मिळाले. मुलीचे वडील म्हणून तुम्हाला बरं वाटेल, पण लगेच मान डोलवू नका. स्वतःच्याच प्रेमात असलेले सीईओही सीएसआरमध्ये पुढे असल्याचं आढळलंय. शिवाय साहेबामुळे कंपनी तशी झाली, की तशा कंपनीने तसा साहेब निवडला? दिसतं सगळ्यांना, सिद्ध करताना घाम फुटतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. किमान किती, हे कायद्यानेच ठरवलंय. साहेबाचा स्वभाव दिसतो तो पैसा कुठे जातो आणि काम पुरं होतं का, यात. आणि तुमचा ईटीपी सीएसआरमध्ये धरताच येत नाही, ते कायद्याने करायचंच काम आहे. हा फरक तिला आत्ताच पक्का कळू द्या.

सुट्टीत तिने एक करावं. एमडी (व्यवस्थापकीय संचालक) बदललेली एखादी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, कंपनी निवडावी आणि बदलाच्या आधीचे-नंतरचे वार्षिक अहवाल वेबसाइटवरून उतरवून घ्यावेत. सीएसआरच्या परिशिष्टात खर्च आणि प्रकल्प असतात, पैसे उरले असतील तर तेही. सलग पाच वर्षांची एक्सेल शीट भरताना कंटाळा आला, तर हा विषय तिचा नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. सीएसआर विभाग छोटे असतात, जागा मोजक्याच. पण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक कामगिरीचा बीआरएसआर अहवाल सक्तीचा केलाय. तो तयार करायला आणि तपासायला आकडे वाचणारी माणसं लागतात, आणि तिथे बी.कॉम. कामाला येतं. म्हणून एमबीए केलं तर फायनान्स घेऊन करावं. प्रत्यक्ष वस्तीत काम करायची ओढ असेल तर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), त्यासाठी पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था जवळ आहे. पीएच.डी.ची घाई नको. आधी दोन-तीन वर्षं नोकरी करू द्या, संशोधनाचा नेमका प्रश्न तिला तिथेच सापडेल.