शहीद दिनाचा सामना दोनच मंडळांचा का?

प्रश्न : आमच्या गावात 16 ऑगस्टला, 1942 च्या आष्टी-चिमूरच्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ, कबड्डीचा सामना होतो. कित्येक वर्षं तीच दोन मंडळं खेळतात. गावात आणखी संघ आहेत, पण विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सुरुवात आम्ही केली.’ पुतण्या म्हणतो, ऑस्ट्रेलियातही असंच चालते. मग बरोबर कोण?
– एक वाचक, ता. आर्वी

उत्तर : पुतण्याची माहिती खरी आहे, भाऊ. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणार्थ तिकडे 25 एप्रिलला अँझॅक दिन पाळतात. त्या दुपारी मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर त्यांच्या वेगळ्या नियमांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना रंगतो, आणि 1995 पासून तो कॉलिंगवूड आणि एसेंडन या दोन क्लबांसाठीच राखीव आहे. कल्पना एसेंडनचे प्रशिक्षक केविन शीडी यांनी पुढे रेटली. पहिल्याच वर्षी 94,825 लोक आले आणि सामना 111-111 असा बरोबरीत सुटला. एवढी गर्दी खेचली, त्याचं श्रेय त्या दोघांना द्यायलाच हवं.

तरीही मला ते पटत नाही. मेलबर्न क्लबचा खेळाडू रॉन बरासी 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, लिबियातल्या तोब्रुकच्या लढाईत मारला गेला. त्याच्या क्लबच्या वाट्याला काय येतं? आदली संध्याकाळ, तीही 2015 पासून, रिचमंडसोबत. हुतात्मे सगळ्यांचे आणि मानाची दुपार दोघांची, हा कुठला न्याय?

मी शाळेत पीटी शिकवली, अशी मैदानं जवळून पाहिली. ऑगस्टचा पाऊस रात्रभर कोसळतो, सकाळी मैदानात घोट्याएवढा चिखल. मग बंडीनं मुरूम आणायचा, पसरायचा, धुम्मसानं ठोकायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या. एका गावी हे सगळं ज्या वस्तीतल्या पोट्ट्यांनी केलं, तीच पोट्टी सामना सुरू झाल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून टाळ्या वाजवत होती. त्यांचाही संघ होता, चांगला होता. घामाला बोलावता आणि खेळायला नाही, हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. वर्गणी तर घरटी घेतात!

माझं मत विचाराल तर जुन्या मंडळांना एकदम बाहेर काढू नका. गेल्या वर्षीच्या विजेत्याची एक जागा राहू द्या. दुसऱ्या जागेसाठी 16 ऑगस्टच्या आधी बाकीच्या संघांचे सामने घ्या, त्यात हरलेलं जुनं मंडळही उतरेल. जिंकलं तर खुशाल खेळेल. मुलींचा संघ असेल तर त्यांचा सामना त्याच दिवशी, त्याच मैदानावर आणि गर्दी असतानाच घ्या, सकाळी सातला उरकू नका.

वर्गणीचं पुस्तक निघायच्या आधी बैठक बोलवा. त्याआधी दोन्ही मंडळांच्या जुन्या खेळाडूंच्या घरी जाऊन बसा. चारचौघांत विषय निघाला तर ते अडून बसतील, घरी चहावर ऐकून घेतील.