चार नाणी आणि पाठीमागचे गाव

प्रश्न : माझे वय ५८ आहे. इंदूरला रामबागेत आमचे सासऱ्यांच्या वेळचे दुमजली घर आहे. यजमान जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून मी खालच्या मजल्यावर एकटी राहते आणि संध्याकाळी सात-आठ मुलांना संस्कृत शिकवते. मुलगा पुण्याला असतो. घर विकून कायमचे आमच्याकडे ये, असा त्याचा आग्रह आहे आणि एका बिल्डरने किंमतही सांगून ठेवली आहे. धाकटे दीर म्हणतात, वडिलांची वास्तू विकायची नाही. दिवाळीत भाचीने मला टॅरोचा, म्हणजे भविष्य पाहण्याच्या चित्रमय पत्त्यांचा, कॅट दिला. गेले चाळीस दिवस पूजा आटोपली की देवघरासमोरच बसून मी एक पान काढते आणि वहीत लिहून ठेवते. इतक्या दिवसांत ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’ (चार नाणी) हे एकच पान तीनदा आले. पुस्तिकेत त्याचा अर्थ ‘कंजूषपणा, धरून ठेवण्याची वृत्ती’ असा दिला आहे. चित्रातला माणूस नाणी कवटाळून बसला आहे खरा, पण त्याच्या पाठीमागे सगळे गाव दिसते, ते पाहून मला गलबलून येते. मागच्या रविवारी मुलाचा फोन ठेवल्यावर राहवले नाही म्हणून पुन्हा एक पान काढले, तर ‘एट ऑफ कप्स’ आले. त्यात एक माणूस सगळे मागे टाकून निघाला आहे. हा संकेत समजून बिल्डरला होकार कळवावा का? आणि देवघरासमोर पत्ते काढण्यात काही गैर तर नाही ना? – एक वाचक, इंदूर

उत्तर : होकार कळवू नका, निदान पानाच्या सांगण्यावरून तर नकोच. मात्र तुमची वही फेकूनही देऊ नका, कारण तुम्हाला हवे आहे त्यातले बरेचसे तिच्यात आधीच उतरले आहे, असे तुमचे पत्र वाचताना मला वाटले.

आधी ते तीनदा आलेले पान. टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात : २२ ‘मेजर अर्काना’ची, म्हणजे स्वतंत्र नावांच्या मोठ्या पानांची, आणि उरलेली ५६ चार रंगांत वाटलेली, प्रत्येक रंगाची चौदा. रोज कॅट पिसून एकच पान काढले, तर अकराव्या दिवसापर्यंत कुठले तरी पान दुसऱ्यांदा हाती येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते, आणि चाळीस दिवसांत कुठले ना कुठले पान तीनदा येण्याची शक्यताही निम्म्याहून बरीच अधिक आहे. म्हणजे ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’ने तुमचा पिच्छा पुरवलेला नाही, ते आले नसते तर दुसरे एखादे पान तीनदा येऊन बसले असते आणि तुम्ही मला त्याच्याविषयी लिहिले असते.

देवघराविषयीची तुमची शंका साधी नाही. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेला पत्त्यांचा खेळ होता. हुकूम लावून हात करायचे, इतकाच त्याचा उद्योग. भविष्य सांगण्यासाठी त्याचा बोलबाला झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये. तेव्हा या पानांत देवाधर्माच्या विरुद्ध काही नाही, तसे त्यांच्यात देवाचेही काही नाही. आपल्या माळव्यात पुष्कळ घरांतून तुलसी रामायणातली रामशलाका पाहतात. तिथे २२५ अक्षरांच्या कोष्टकावर बोट ठेवणारा माणूस श्रद्धेने रामाला कौल मागत असतो आणि मिळेल ती चौपाई त्याला मान्य असते. तुमची अडचण अशी आहे की, तुम्ही काढता ते खेळाचे पान आणि बसता मात्र रामशलाकेच्या जागी. समईच्या उजेडात हातात आलेले चित्र मनाला आज्ञेसारखे वाटू लागते, मग त्याच्याशी वाद घालता येत नाही. म्हणून मी गैर म्हणणार नाही, पण जागा बदला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहाचा कप घेऊन बसा. तिथे आपण कोणाचेही म्हणणे खोडून काढू शकतो.

पुस्तिकेतल्या अर्थांविषयीही सावध असावे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे वर्णन म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळते, यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेला होता. ‘धरून ठेवण्याची वृत्ती’ हे शब्द तसेच आहेत : घर न विकणाऱ्या तुमच्या दिरांना ते लागू पडतील, आईला जवळ ओढणाऱ्या मुलालाही लागू पडतील आणि खरे सांगायचे तर मलाही.

चित्राचे तसे नाही. त्या पानावर मुकुट घातलेला एक माणूस बसला आहे; एक नाणे त्याच्या मुकुटावर, एक दोन्ही हातांनी छातीशी धरलेले आणि दोन पायांखाली, त्यामुळे त्याला जागचे हलताही येत नाही. पाहणाऱ्यांची नजर बहुधा या नाण्यांवरच जाते. तुम्हाला गलबलून आले ते मात्र मागचे गाव पाहून, आणि हे कोणत्याही पुस्तिकेने तुम्हाला सांगितलेले नाही. या पानांचा निर्णयाच्या वेळी उपयोग असलाच तर तो एवढाच : चित्र सर्वांना एकच दिसते, पण त्यातले काय आपल्या काळजाला लागते, ते आपले असते. तुमच्या पत्रात घराच्या खोल्या, अंगण यांविषयी एक अक्षर नाही. संध्याकाळी येणाऱ्या मुलांचा मात्र उल्लेख आहे. तेव्हा मला विचारावेसे वाटते की, तुम्हाला सोडवत नाही ते घर आहे की इंदूर? मुलगा पुणे म्हणतो, दीर वास्तू म्हणतात, आणि या दोघांच्या ओढाताणीत ‘घर विकायचे, पण याच गावात, शिकवणीची मुले चालत येतील अशा अंतरावर दोन खोल्यांत राहायचे’ हा मार्ग कोणी तुमच्यापुढे ठेवलेलाच दिसत नाही. तो तुमचा मार्ग आहे असे मी म्हणत नाही. माझा तर्क चुकीचाही असेल. पण हे वाक्य वहीत लिहा आणि वाचताना जीव हलका होतो की नाही, ते पाहा.

आता रविवारचे पान. त्या दिवशी सकाळी कोणते पान आले होते, ते तुम्ही लिहिलेले नाही. लक्षात राहिले ते फोननंतरचे. मुलाचा आवाज कानात असताना ‘निघालेला माणूस’ दिसणे साहजिक आहे. त्याच चित्रात मागे आठ पेले नीट रचून ठेवलेले आहेत आणि वरच्या ओळीत एक जागा रिकामी आहे; दुसऱ्या एखाद्या दिवशी तुमची नजर त्या रिकाम्या जागेवर थांबली असती. म्हणून एका प्रश्नाला एकच पान हा नियम ठेवा. मनासारखे पान येईपर्यंत कॅट पिसत राहण्यापेक्षा सरळ मनासारखे करावे, त्यात निदान प्रामाणिकपणा तरी आहे.

प्रश्नही बदला. ‘विकू का?’ याला पान उत्तर देऊ शकत नाही. ‘घर गेले तर त्याबरोबर माझे आणखी काय जाईल, असे मला वाटते?’ असा प्रश्न आधी लिहून मग पान काढा, पाच मिनिटे नुसते चित्र पाहा, आणि त्यातली पहिली नजरेत भरलेली गोष्ट व ती पाहून आठवलेला माणूस लिहून ठेवा. आधी कोणाशी काय बोलणे झाले होते, त्याचीही तारखेसह नोंद करा. रोज नको, पंधरवड्यातून एकदा पुरे.

एक मात्र पान काढण्याच्याही आधी करा. घर सासऱ्यांच्या वेळचे आहे, म्हणजे ते आज कोणाच्या नावावर आहे आणि दिरांचा त्यात हिस्सा निघतो का, हे वकिलाला कागद दाखवून पाहून घ्या. तुम्हाला ते एकट्याने विकताच येत नसेल, तर चाळीस दिवसांचा हा घोर निम्मा वायाच गेला म्हणायचा.

प्रश्न : वडिलांची बायपास पुढच्या आठवड्यात ठरली आहे. बहिणीने त्यासाठी पान काढले, तर १३ क्रमांकाचे ‘डेथ’ आले. ती म्हणते, तारीख पुढे ढकलू या. काय करावे? – एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : तारीख ढकलू नका. ती हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्या पाहून ठरवली आहे. शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. त्या पानाचा खरा अर्थ मृत्यू नसून बदल आहे, असे सांगून तुमच्या बहिणीची समजूत घालता येईल, पण मी ते मुद्दाम करत नाही. तसे केले तर शस्त्रक्रियेच्या बाबतीत पानाला काही तरी म्हणायचा अधिकार आहे, हे मी मान्य केल्यासारखे होईल. बहीण घाबरली आहे, आणि हे भय पान निघण्याआधीपासूनचे आहे. तिला डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला बरोबर न्या आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.

प्रश्न : नवख्या माणसाने कोणता कॅट घ्यावा? पाने उलटी आली तर अर्थ उलटा घ्यायचा का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : १९०९ साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट कॅट घ्यावा. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. जुन्या मार्सेय पद्धतीच्या, म्हणजे फ्रान्समधल्या जुन्या घाटाच्या, कॅटमध्ये एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या लहान पानांवर नुसते पेले किंवा तलवारी मोजून काढलेल्या असतात. स्मिथबाईंनी त्या चाळीस पानांपैकी बहुतेकांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले, आणि ज्याला चित्र पाहून विचार करायचा आहे त्याला तेच हवे असते. पान उलटे आले तर सरळ करून पाहावे. उलट्या चित्रात चेहरे नीट दिसत नाहीत.